भागीरथीची पकड

६ जानेवारी, सोमवार

खारघरला आले. सातवा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खा डोंगर. सांगलीहून निघताना ऋता फोनवर म्हणाली की आई, पंचावन्नाव्या वर्षी नवं गाव आणि नवी नोकरी कुणी एकदम धरतं का. मी म्हटलं, धरतं. हे गेल्यापासून चार वर्षं त्या घरात मी नुसती खिडक्या उघडत आणि लावत होते. इथं सामान लावायचं सोडून आधी चहा केला आणि कप घेऊन खिडकीत उभी राहिले. खालून मेट्रो गेली, तीन डब्यांची, खेळण्यातल्यासारखी. एकटीच हसले.

सामान फार नाही. चार खोकी, कुकर, पुस्तकं आणि ऋताच्या बाळासाठी विणायला घेतलेलं पिवळं स्वेटर. तिला आता सहावा संपेल. पुण्याहून इथं गाडीनं अडीच तास, सांगलीपेक्षा निम्मं अंतर. म्हणजे नोकरी धरून मी तिच्या जवळच आले, हे तिला पटवून दिलं.

संस्थेत दुपारी जाऊन आले. दोन सेक्टर पलीकडे, एका सोसायटीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, नाव ‘सोबती’. पूर, दरड, आग, जिथं जिथं मदतीला माणसं धावतात, ती परत आल्यावर त्यांच्याशी बोलायला आमचे पाच कोच आहेत. आठवड्याला एक तास. ती माणसं कोचला सांगतात, आणि कोचच्या मनावर जे साठतं ते ऐकायला आता मी. सुपरव्हिजन म्हणतात, पण देखरेख कसली, ऐकणंच. कॉलेजात बावीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं आणि संध्याकाळी समुपदेशन केलं, त्यामुळे हे काम मला नवं नाही.

सुचिता, संस्थेची प्रमुख, चाळिशीची, भराभर बोलणारी, तिनं सगळं दाखवलं. ऋताला रात्री हे सांगितलं तर तिनं सरळ विचारलं, मग तू कुणाशी बोलणार? मी म्हटलं, माझी वही आहे.

९ जानेवारी, गुरुवार

पाचही कोचना भेटून झालं. चांगली मुलं आहेत. श्रुती सगळ्यांत अनुभवी, बोलताना समोरच्याला चहात साखर किती ते लक्षात ठेवणारी. केयूर सगळ्यांत लहान, एकोणतीस वर्षांचा, उंच, इथलाच वाढलेला. रविवारी टर्फवर क्रिकेट खेळतो आणि सोमवारी लंगडत येतो म्हणे. पण यावेळी आला तो मात्र गप्प होता. मी जास्त विचारलं नाही. पहिल्या भेटीत दार ढकलू नये, उघडं आहे एवढं दिसू द्यावं.

माझी खोली छान आहे. वेताच्या दोन खुर्च्या, मध्ये लहान टेबल, पाण्याचा तांब्या. माझ्याआधी इथं दिनानाथ सर होते, सहा वर्षं. त्यांच्याबद्दल विचारलं तर सुचिता म्हणाली की तब्येतीमुळे सोडलं, सीवूड्सला असतात, भेटायचं म्हटलं तर ते नको म्हणतात. माझ्या खुर्चीच्या उजव्या हातावरचा वेत एका जागी पार झिजून तुटलाय. नवी मागवू का म्हणाली. मी म्हटलं, असू दे.

१५ जानेवारी, बुधवार

काल ऑफिसात तिळगूळ वाटला. केयूरनं डावा हात पुढे केला. श्रुतीनं चिडवलं की तिळगूळ डाव्या हातात घेतात का रे, भांडायचंय का माझ्याशी. तो सॉरी म्हणाला, तरी उजवा हात खिशातच. मग माझ्या लक्षात आलं की तो आठवडाभर लॅपटॉपही एका हातानंच चालवतोय.

खोलीत आल्यावर मी विचारलं, हाताला लागलंय का. त्यानं हात टेबलावर ठेवला. मनगटावर चार निळसर खुणा होत्या, बोटं उमटल्यासारख्या, आणि खालच्या बाजूला एक. हाताला काही कळत नाही म्हणाला. मी पेन्सिलीचं टोक लावून पाहिलं, खरंच कळत नव्हतं. कुणी धरलं होतं का, असं विचारल्यावर तो म्हणाला की पुढच्या आठवड्यात सांगतो.

२० जानेवारी, सोमवार

केयूर आज बोलला. सगळं इथं उतरवते, कारण ऐकल्यापासून डोक्यात तेच आहे.

त्याच्याकडे नामदेव नावाचा माणूस येतो. पावणे एमआयडीसीतल्या मदतसामानाच्या गोदामात असतो आणि आपत्ती आली की पहिल्या तुकडीबरोबर जातो. गेल्या पावसाळ्यात घाटाखालच्या एका वाडीवर दरड आली, तिथं तो होता. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला होता. एका घराच्या जागी, चिखलातून फक्त एक हात वर आलेला दिसला, कोपरापर्यंत, हिरव्या बांगड्या तशाच. माणूस गेलेला आहे असं समजून त्यानं खुणेचं फडकं बांधायला म्हणून तो हात धरला. आणि हातानं त्याला धरलं.

खाली फटीतून आवाज येत होता. बाईनं पाणी नाही मागितलं की काही नाही. आधी विचारलं, तू कुणाचा रे? नामदेवनं वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग ती म्हणाली, मी भागीरथी.

मशीन लावलं तर वरचं सगळं खाली येणार, म्हणून पाच तास माणसांनी हातांनी उकरलं. नामदेवनं तिचा हात सोडला नाही. ती बोलत होती, त्याच्या आईची, घरातल्या कोंबड्यांची विचारपूस करत होती. चार वाजता वर डोंगराला भेग पडताना दिसली आणि शिट्टी झाली. सगळे मागे. साहेब ओरडत होते. नामदेव तिला म्हणाला, आलोच मी. ती सोडेना. त्यानं तिची बोटं उकलली. एकेक. पाच. तो वीस पावलं गेला असेल, तेवढ्यात डोंगर आला.

ती सापडली नाही. तेव्हापासून नामदेवचा उजवा हात बधिर, आणि कुणीतरी मनगट धरल्याची जाणीव सतत. पुढचं केयूरनं अगदी खाली बघून सांगितलं. नामदेवनं हे त्याला डिसेंबरात सांगितलं, आणि त्या दिवसापासून हात केयूरचा धरलेला आहे.

मी त्याला म्हटलं की ऐकणाऱ्यालाही लागतं, आपल्या कामात हे होतं, लाजायचं नाही. तो रडला. मग पाणी प्याला, हात दोनदा उघडून मिटला आणि नवलानं त्याच्याकडे बघत राहिला. जाताना जिन्यात कुणाला तरी मोठ्यानं वडापाव खायला बोलावत होता.

मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी स्वेटर घेऊन बसले तर उजव्या करंगळीवरून लोकर सरकत असलेली कळेना. झोपेत हात अंगाखाली आला असणार.

२७ जानेवारी, सोमवार

केयूर आला, ताजातवाना. कालची मॅच जिंकल्याचं सांगितलं. मी मागच्या बोलण्याचा धागा धरला, भागीरथीचं काय वाटतं आता. त्यानं विचारलं, कोण भागीरथी?

मी दरडीची आठवण दिली. दरड त्याला आठवत होती, नामदेव वाडीवर गेला होता हेही. हात आठवत नव्हता. बाई आठवत नव्हती. त्यानं वहीत टिपलेलं काढून दाखवलं, त्यात स्वतःच्याच अक्षरात नाव होतं. तो हसून म्हणाला, मॅडम, हे मी कधी लिहिलं?

असह्य गोष्ट मन बाजूला टाकतं, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. तसंच असेल. त्याच्या मनगटावर आता एकही खूण नव्हती. मी माझा हात टेबलाखाली घेतला. माझ्या मनगटावर पाच आहेत.

३१ जानेवारी, शुक्रवार

पावण्याला जाऊन आले. केयूरला सांगून गेले, नामदेवचं कसं चाललंय ते बघायचंय एवढंच म्हणाले. कारखान्यांच्या मधोमध गोदाम आहे, ताडपत्र्या, बादल्या आणि घोंगड्यांच्या थप्प्या छतापर्यंत. नामदेव पंचेचाळिशीचा, तिथल्याच खाडीकाठच्या गावचा. मला बसायला उलटी बादली दिली आणि चहा मागवला. दोन्ही हातांनी सराईत गाठी मारत होता.

मी भागीरथीचं नाव घेतलं. त्यानं आठवायचा मनापासून प्रयत्न केला.

‘कोन बाई, मॅडम? मना तं आठवत नाय. चिखल आठवतंय, शिट्टी आठवतंय.’

मग म्हणाला की केयूर सरांशी बोलल्यापासून लय बरं हाय, झोप लागते, घरात पोरीवर ओरडनं बंद झालं. त्याची बायको म्हणते, माणूस परत आला. पाच तास धरलेल्या हाताची आठवण करून देऊन ती झोप मोडायची?

चहा संपवून उठले, आणि सवयीनं म्हणाले, येते. त्या क्षणी मनगटावरची पकड घट्ट झाली. इतकी, की बादली आडवी झाली आणि मी पुन्हा बसले. नामदेव धावला, चक्कर आली का विचारत होता. मी हो म्हटलं. अर्धा तास तशीच बसून राहिले. न बोलता उठले, तेव्हा उठता आलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांनी नसांची तपासणी केली. सुया टोचल्या, पडद्यावर रेषा उमटल्या. सगळं नॉर्मल. खुणा कशाच्या विचारल्यावर मी दारात हात सापडला म्हणून सांगितलं.

कोपरापर्यंत काही कळत नाही. काल कुकरची वाफ लागून दोन बोटांना फोड आले, ते पाहिल्यावरच कळलं. पकड तेवढी कळते. बाईचा हात आहे, रुंद, काम केलेला. सुरुवातीला ऊब होती त्याला. आता थोडी कमी आहे.

आणखी एक. श्रुती परवा पुराच्या कामातल्या एका मुलीचं सांगत होती, फार वाईट होतं, सांगताना श्रुतीच रडत होती. मी योग्य ते सगळं बोलले. जाताना म्हणाली, मॅडम, तुम्ही किती शांतपणे ऐकता. शांत नव्हते. माझ्यापर्यंत काही पोचलंच नाही. काचेपलीकडे कुणी बोलावं तसं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज ऋताचं डोहाळजेवण होतं.

सात वाजता तयार होते. हिरवी साडी, ओटीचं सामान, पाच फळं, सगळं पिशवीत. गाडी खाली उभी. दाराशी आले, कुलूप हातात घेतलं, आणि तिनं धरलं. मी गप्प राहिले, येते म्हणाले नाही, काही नाही. तरी तिला कळलं. बहुतेक आता मी निघाले की तिला कळतं.

मी डाव्या हातानं तिची बोटं उकलायला गेले. बोटं दिसत नाहीत, पण लागतात. पहिलं उकललं. दुसरं उकलताना मला कळलं की मी काय करते आहे. सोडून दिलं.

उंबऱ्याच्या आत बसून राहिले. ड्रायव्हरचे फोन. मग ऋताचे. मग जावयांचे. दुपारी दोनला उचलला. बरं नाही म्हणाले. ऋता रडत होती, तिच्या सासूबाईंनी माझ्या जागी ओटी भरली म्हणाली. मी ऐकत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. वाटलं नाही.

फळं पिशवीतच आहेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सीवूड्सला दिनानाथ सरांकडे गेले. निघायला तीन तास लागले. तिला समजावलं, परत येणार, तूही सोबतच आहेस. शेवटी सोडलं नाही तिनं, पण येऊ दिलं.

दार अरुणाताईंनी उघडलं, त्यांच्या मिसेस. आधी आत घेईनात. मी बाही वर केली. त्यांनी खुणा पाहिल्या आणि बाजूला झाल्या.

सर बाल्कनीत बसले होते. सत्तरीचे, स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट. दोन्ही हात छातीशी दुमडलेले, लहान मूल घेतल्यासारखे. अरुणाताई म्हणाल्या की दोन वर्षं हात असेच आहेत, घास त्याच भरवतात. सख्खा भाऊ गेला तेव्हा सरांनी बातमी ऐकली आणि पंखा मोठा करायला सांगितला. सगळ्या विषयांवर बोलतात, त्या एका सोडून. तू मला विचारायचं नाहीस, अशी शपथ घातली आहे. त्यांनी आजवर विचारलेलं नाही. बाल्कनीचं दार लावून आत निघून गेल्या.

मी सरांना विचारलं, किती जण आहेत तुमच्याकडे. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि थांबले.

मग जे सांगितलं ते असं. बोललं की माणूस मोकळा होतो, ते खरंच आहे. पण ज्याला सांगाल त्याला धरलं जातं. सांगणाऱ्याच्या आठवणीतून ते पुसून जातं, त्यामुळे आपण काय दिलं हे त्याला कधी कळत नाही. सगळे आपापल्या वरच्याला सांगतात आणि बरे होऊन घरी जातात. वर आपण.

मी विचारलं, जड नाही होत?

सर म्हणाले, ‘काहीच होत नाही. तेच तर आहे.’

निघताना त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. हा तरी मोकळा ठेवा, म्हणाले. आणि जिवाच्या माणसाजवळ बसू नका.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सुचितानं वाशीच्या एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली होती माझ्यासाठी. चेहरा बघवत नाही म्हणते माझा. मी गेले नाही. त्या बाईंना मुलं असतील.

सेशन चालू आहेत, रोज तिला समजावून निघते. चार जण ऐकले आज. खुर्चीच्या झिजलेल्या वेतावर हात बरोबर बसतो.

खांदाही गेला. जेवणाला चव नाही, म्हणजे चव आहे, पण ती कुणा दुसऱ्याला लागतेय.

१९ फेब्रुवारी

दुपारी खिडकीत उभी होते. तिनं विचारलं. कानानं नाही, मनगटातून कळलं. तू कुणाची गं?

सांगितलं. सांगलीची, बळवंत मास्तरांची मुलगी, सुनीती.

मग कोंबड्यांचं विचारलं. नाहीत म्हटलं.

हात आता गार आहे तिचा.

२१ फेब्रुवारी

ऋताचे फोन घेत नाही. घेतले की ती म्हणते, सांग ना काय झालंय — सांग ना —

स्वेटर एका हातानं विणता येत नाही. राहू दे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ऋता आली. न सांगता, गाडी करून, एकटी. दारात उभी, पोट पुढे, दमलेली. मी पाहिलं. माझी मुलगी आहे, हे मला माहीत होतं. माहीत होतं एवढंच.

ती गळ्यात पडली. मला तिचं वजन कळलं नाही.

सर म्हणाले होते, जवळ बसू नका. पण घर दोन खोल्यांचं —

२३ फेब्रुवारी

जा म्हटलं तिला. तीनदा. जात नाही. डॉक्टरांकडे नेते म्हणते, पुण्याला नेते म्हणते. मला उठवायला गेली, मी उठेना, तिला वाटलं मी हट्ट करतेय.

सांगायचं नाही. सांगायचं नाही. इथं लिहिते म्हणजे —

तिनं स्वेटर पाहिलं. अर्धं. उशाशी घेऊन झोपली दुपारी.

काही वाटत नाही. नाही म्हणायला सुद्धा काहीतरी वाटावं लागतं —

२४ फेब्रुवारी

ती समोर बसली आज. जमिनीवर, त्या पोटानं. माझा हात हातात घेतला, उजवा. म्हणाली, आई, तू माझ्याकडे परक्यासारखी बघतेस, मला भीती वाटते. काय असेल ते सांग. मी ऐकते.

नाही म्हटलं. म्हटलं असं वाटतं.

फार दमलेय. धरून फार —

पाऊस थांबला होता, एवढंच म्हणाले मी. एवढंच. मग ती म्हणाली, पुढं? आणि मी —

२५ फेब्रुवारी, मंगळवार

किती दिवसांनी गाढ झोप लागली. उठले तर डोंगर अगदी स्वच्छ दिसत होता. पोहे केले, भरपूर खोबरं घातलं, दोन बश्या खाल्ल्या. ऋता आली आहे हे बघून इतका आनंद झाला की तिचं तोंड कुरवाळत राहिले. डोहाळजेवणाला मी का गेले नाही हे नीटसं आठवेना. तापच आला असणार. तिची माफी मागितली. पोहे डाव्या हातानं खाल्ले तिनं.

नऊच्या सुमाराला म्हणाली की सकाळपासून बाळाची हालचाल कळत नाही. तशीच रिक्षा केली, इथल्या हॉस्पिटलात नेलं. ठोके उत्तम आहेत. पडद्यावर बाळ पाय झाडत होतं, चांगलं जोरात, तिथली डॉक्टर हसून म्हणाली की बघा, फुटबॉल खेळतंय. मी हसले, रडले. ऋता पडद्याकडे बघत होती. तिला लाथ लागत नव्हती. कुठंच काही लागत नव्हतं. पोटावरची गार जेलीसुद्धा कळली नाही म्हणाली.

परत निघताना तिला टेबलावरून उठता येईना.

घरी आणून तिला खुर्चीत बसवलं आणि तारीख बघायला ही वही उघडली. मागची पानं वाचली. दोनदा वाचली. अक्षर माझं आहे. यातलं मला दरडीपलीकडे काही आठवत नाही. भागीरथी कोण, मला माहीत नाही. दिनानाथ सरांच्या बाल्कनीत मी बसले होते म्हणे. माझं मनगट स्वच्छ आहे. फक्त बोटांवर दोन वाळलेले फोड आहेत, ते कशाचे, तेही इथंच वाचलं.

मग ऋताची बाही वर केली. चार, आणि खाली एक.

मी दिलं हे. मी माझ्या मुलीला दिलं आणि सकाळी पोहे खाल्ले.

आता दुपारचे तीन वाजलेत. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आहे, वही मांडीवर. तिला सांगितलं की तुला कुणी धरलंय ते मला सांग, सगळं, पहिल्यापासून. ती मान हलवते. नाही म्हणते. तू परत तशी होशील, म्हणते. तिनं कालचं सगळं पाहिलंय, तिला सगळं कळलंय. मी म्हटलं, ऋता, तुझ्या पोटात जे आहे त्याला आईचा हात लागायला हवा. माझं आईपण करून झालंय. ती रडते आहे, पण चेहऱ्यावर रडणं नाही, नुसतं पाणी.

मला आत्ता सगळं वाटतंय. फरशी गार आहे. तिच्या केसांना तेलाचा वास येतोय, लहानपणी यायचा तसाच. गुडघ्यावर हात ठेवला तर साडीतूनही तिच्या अंगाची ऊब लागते. छातीत इतकं दुखतंय की श्वास घेता येत नाही, आणि तेही मी घेते, पुरवून पुरवून घेते.

लिहून ठेवते. हे मी कुणाला सांगणार नाही. विचारलं तरी नाही. ऋतानं आजच पुण्याला जायचं, बाळ झाल्यावर फोटो पाठवायचा, इथं यायचं नाही. फोटो बघून मला काही वाटलं नाही तर तिनं समजून घ्यायचं, की आज दुपारी तीन वाजता मला वाटलं होतं.

ती माझ्याकडे बघते आहे. मी म्हटलं, सांग बाळा. मी ऐकते.

तिनं डोळे मिटले. सांगतेय.

पाऊस थांबला होता म्हणते. घराच्या जागी चिखल. त्यातून एक हात वर आलेला, हिरव्या बांगड्या. तिनं विचारलं, तू कुणाची — आणि ऋता म्हणते, मी सांगितलं, मी सुनीतीची —

ऋताचा हात हलला. तिनं तो पोटावर ठेवला. चेहरा बघायला हवा हिचा, लाथ लागली हिला, आई म्हणते, आई, लागली —

करंगळी कळत नाही. लिहिते. पेन घसरतंय. अजून बघते आहे मी तिच्याकडे, अजून वाटतंय, अजून